कारणाचा रकाना

जानेवारीच्या भिशीला चिठ्ठी निघाली, पैसे मोजून झाले, चहाचे कप हातात आले, आणि आमच्यातल्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मी मे महिन्यात रिटायर होतेय. येत्या डिसेंबरात एकदा पुण्याला जाऊन सवाई गंधर्व ऐकायचा आहे. कोणी येतं का सोबत?"

बाई हे अगदी सहज बोलल्या. पण कपाच्या कानाला धरलेली त्यांची बोटे पाहून मला वाटले, हे वाक्य त्यांनी घरून निघतानाच पाठ केले असावे. खोलीत आम्ही दहा जणी होतो. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग अंगणवाडीवाल्या ताईंनी विचारले, "किती दिवस?" शेती पाहणाऱ्या काकूंनी विचारले, "सवाई म्हंजे काय वं? ते सावकाराची सवाई-दिढी, ते सवाई?"

सगळ्या हसल्या, पण प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी सवाई हा शब्द धान्याच्या कर्जातूनच आलेला आहे. पोतेभर ज्वारी नेली तर सुगीला सव्वा पोते परत करायची, ती सवाई. गंधर्वाहून सव्वापट, तो सवाई गंधर्व. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर नाटकांतून स्त्रीभूमिका करीत, तेव्हा अमरावतीच्या एका प्रयोगानंतर दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ही पदवी दिली असे सांगतात. म्हणजे पुण्याच्या उत्सवाला जे नाव आहे, ते आपल्या वऱ्हाडातून गेलेले आहे. हे मी सांगितले तेव्हा काकू म्हणाल्या, "मंग त आपलंच हाय. जाऊ ना वं!"

आणि मग मेडिकलचे दुकान चालवणाऱ्या वहिनींनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले आहे. त्या म्हणाल्या, "जाऊ, पण घरी काय सांगायचं?"

लोणारला जग येते. कुठून आला कोण जाणे, पण एक दगड इथल्या काळ्या बसाल्टात आदळला आणि जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पाडून गेला. तेव्हापासून त्याच्या काठावर आधी देव आले, मग शास्त्रज्ञ, मग सहली. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच नोव्हेंबरात त्याला रामसर दर्जा मिळाला, तेव्हापासून तर कॅमेरेवाल्यांची रीघच लागली. परदेशी बायका पाठीवर पिशवी अडकवून एकट्या येतात, दैत्यसूदनाच्या देवळातली शिल्पे न्याहाळतात, कमळजादेवीपर्यंत उतरून जातात. आमच्या बायका त्यांना वाट दाखवतात, पाणी देतात आणि त्या गेल्यावर एकमेकींना म्हणतात, "एकटीच आली वं ही!" त्या म्हणण्यात नवल असते, आणि नीट ऐकले तर थोडी हेवाही ऐकू येतो.

आमच्या बायका घराबाहेर पडत नाहीत असे मात्र नाही. बाळंतपणाला पडतात, आजारपणाला पडतात, लग्नाला, मयतीला, दहाव्याला पडतात. शेगावला जातात, पंढरपूरला जातात, पोहरादेवीला जातात. "शेगावला जाऊन येते" म्हटले की घरातला कोणताही पुरुष पुढचा प्रश्न विचारीत नाही, उलट दक्षिणेला शंभराची नोट काढून देतो. अडचण बाहेर पडण्याची नाहीच. कारणाची आहे.

मी बँकेत तीस वर्षांहून अधिक काढली. कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, कर्जाचे कारण. त्या रकान्यात मी बायकांच्या वतीने काय काय लिहिलेले आहे! शिलाई मशीन, दोन म्हशी, मुलाची इंजिनिअरिंगची फी, मुलीचे लग्न, नवऱ्याचे ऑपरेशन, घरावर पत्रे. पुरुषांच्या अर्जात मोटारसायकल असे, टीव्ही असे, क्वचित कोणी प्रांजळपणे "घरगुती खर्च" लिही आणि आम्हीही समजून घेत असू. बाईने स्वतःच्या मौजेसाठी पैसे मागितल्याचा एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. कर्ज सोडा, स्वतःच्या बचत खात्यातले पैसे काढतानाही त्या कारण सांगत. मी विचारलेले नसतानासुद्धा स्लिप पुढे सरकवताना म्हणत, "पोराची फी भराची हाय, मॅडम." पैसे तिचे, खाते तिचे, सही तिची, आणि तरी कारण.

बँकेतल्या नोकरीत प्रवासासाठी एलएफसी मिळते. माझी प्रत्येक एलएफसी कुटुंबासह झाली. तिरुपती, काशी, रामेश्वर. सासूबाईंना घेऊन गेले, मुलांना घेऊन गेले, त्याचा मला आनंदच आहे. पण निवृत्त झाल्यावर एकदा जुन्या डायऱ्या चाळताना लक्षात आले की माझ्या स्वतःच्या मनाने ठरवलेले असे एकही ठिकाण त्या यादीत नाही.

तर वहिनींच्या प्रश्नाला भिशीत लगेच उत्तर सापडले. अंगणवाडीवाल्या ताई म्हणाल्या, "आळंदीला जातो म्हणू." युक्ती चांगली होती. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा असतो, नोव्हेंबर-डिसेंबरातच येतो. पुण्याहून आळंदी जवळ. आळंदी, देहू आणि संध्याकाळी जाता जाता थोडे गाणे. कोणाला खोटे ठरवता येणार नाही, कारण आळंदीला तर आपण खरेच जाऊ. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. मी एकटीच गप्प होते, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, "तुम्हाला पटलं नाही का?"

पटले नव्हते, पण त्याचे कारण मी त्या दिवशी सांगू शकले नाही. पुढच्या भिशीला सांगितले. इथेही सांगते.

१९९४ च्या डिसेंबरात बँकेने मला आठवड्याभराच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवले होते. शनिवारी दुपारी ट्रेनिंग संपले, संध्याकाळच्या गाडीने परत निघायचे होते. बरोबरच्या एका पुणेकर सहकारी बाईंजवळ सवाई गंधर्वचे एक जास्तीचे तिकीट होते. त्या काळी उत्सव शनिवार पेठेत रमणबागेच्या मैदानावर होत असे आणि रात्रभर चाले. घरी माझा सात वर्षांचा मुलगा होता, सासूबाई, सासरे होते. मी कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये गेले, घरी फोन लावला. सासऱ्यांनी उचलला. मी म्हणाले, "मामंजी, ट्रेनिंग एक दिवस वाढलंय." ते म्हणाले, "बरं. सांभाळून ये." बूथमधल्या यंत्रावर आकडे पळत होते. मी पैसे दिले आणि रमणबागेत गेले.

मांडवात भारतीय बैठकीवर बसले. सहकारी बाईंनी त्यांची शाल अर्धी माझ्या अंगावर टाकली. शेजारच्या अनोळखी आजींनी थर्मासमधला चहा दिला. पहाटे थंडी चांगली झोंबायला लागली होती आणि हजारो माणसे जागी होती. सकाळी भीमसेनजी बसले. जे आयुष्यभर रेडिओवर ऐकले, तो आवाज पन्नास हातांवरून ऐकत होते. आणि खरे सांगते, मला त्यातले फार थोडे आठवते. आठवते ते हे की प्रत्येक गाणे संपून टाळ्या सुरू झाल्या की माझ्या मनात येई, मामंजींनी ट्रेनिंग सेंटरला फोन केला तर? मुलाला ताप आला असेल तर? त्या काळात ते शक्यही नव्हते, त्यांच्याजवळ तो नंबरच नव्हता. पण खोटे बोललेल्या माणसाला शक्य-अशक्य कळत नाही.

घरी पोचल्यावर मुलाने विचारले, "आई, वाढलेल्या दिवशी काय शिकवलं?" मी म्हणाले, "बॅलन्स शीट."

याहून मोठी गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. मामंजी गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत नाट्यपदांच्या जुन्या पुस्तिका निघाल्या, जपून ठेवलेल्या, खाकी कव्हर घातलेल्या. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ते कधी चुकवत नसत, हे मला ठाऊक होते. त्यांच्या खोलीत लागलेला रेडिओ मी स्वयंपाकघरात भांडी आवरताना ऐकत असे. एकाच घरात एक गाणे दोन खोल्यांत ऐकले जात होते आणि त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. मी फोनवर खरे सांगितले असते तर? कदाचित रागावले असते. पण मला आता असेच वाटते की त्यांनी एवढेच विचारले असते, "सकाळी भीमसेन काय गायला?" आणि मी परतल्यावर आम्ही दोघे त्यावर तासभर बोललो असतो. तो तास मीच घालवला.

म्हणून आळंदीच्या युक्तीला मी नाही म्हणाले.

माझे म्हणणे ऐकून मुख्याध्यापिकाबाईंनी एक चांगला आक्षेप घेतला, तो इथे नोंदवलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, "देवाच्या नावाने गाणं ऐकणं हे काही खोटं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी गाणं ऐकलं ते वारीतच. वारी म्हणजे दुसरं काय आहे? टाळ-मृदंगावर वीस दिवस चालणारं गाणंच." अगदी खरे आहे. जात्यावर गायली ती ओवी, भजनी मंडळात गायला तो अभंग, गौरीपुढे गायले ते झिम्मा-फुगडीचे गाणे. देवाधर्माने बायकांना गाण्याचे दार उघडून दिले नसते तर दुसरे कोण देणार होते? पण तिथे देव खराच होता. इथे आपण देवाला पुढे करून त्याच्या मागे लपणार आहोत. आळंदीला जाऊ, शुक्रवारी सकाळी जाऊ, मनापासून जाऊ. फक्त कारणाच्या रकान्यात आळंदी लिहायची नाही. तिथे गाणे लिहायचे.

दुसरा आक्षेप काकूंचा होता. "मले गान्यातलं काय समजते वं?" याला मी उत्तर दिले नाही, माईंनी दिले. माई एकसष्टीच्या, भजनी मंडळात तिसऱ्या सप्तकात जाणारा आवाज आमच्या गावात त्यांचाच. त्या म्हणाल्या, "पावसाचं तुले काय समजते? भिजतेच ना?"

आता थोडे या उत्सवाविषयी, कारण आमच्यातल्या निम्म्या जणींनी तो फक्त नावाने ऐकला होता. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात हा उत्सव सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ तो चालवीत आले. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले, तेव्हापासून गुरूच्या नावाला शिष्याचे नाव जोडले गेले आणि तो सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव झाला. रमणबाग सुटून गेली काही वर्षे तो मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. पूर्वी तीन रात्री असत. ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागू लागला, तेव्हा रात्री गेल्या आणि दिवस वाढून पाच झाले. यात आमच्यासारख्यांची सोय झाली हे कबूल केले पाहिजे. दहाला मैफल संपते, रिक्षा मिळते, लॉजचे दार उघडे असते. पण उत्तररात्रीचा राग उत्तररात्री, पहाटेचा ललत पहाटे, अंगावर दव पडत असताना, हे गेले. सोय आणि रात्र यांतले एक निवडायला कोणी मला सांगितले नव्हते, सांगितले असते तर मी बराच वेळ घुटमळले असते.

भीमसेनजींची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक मुलाला माहीत आहे. १९३३ मध्ये, अकरा वर्षांचा पोरगा गाण्यासाठी घरातून पळाला, रेल्वेने देशभर भटकला, गुरू शोधत फिरला. तिचे पुढे कौतुक झाले, भारतरत्न झाले. झालेच पाहिजे. पण त्याच गुरूकडे शिकलेल्या गंगूबाई हनगल यांची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. त्या हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जात, शिकून परत येत, घरही सांभाळीत. पळून जाण्याची चैन त्यांना नव्हती, रोज संध्याकाळी घरी यायचे होते. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी. त्या व्यासपीठावर आल्या म्हणून पुढे समोरच्या बैठकीवर घरंदाज म्हणवणाऱ्या बायका निःशंक येऊन बसू लागल्या, असे मला वाटते. भीमसेनजींना उतारवयात गाणे होईना, तेव्हा महोत्सवाची सांगता पुढे कितीतरी वर्षे प्रभा अत्रे यांच्या गाण्याने होत असे. जानेवारी २०२४ मध्ये त्याही गेल्या. आमच्या मुख्याध्यापिकाबाई तेवढ्याने हळहळतात. "आपण दोन वर्षं आधी ठरवलं असतं तर," असे त्या तीनदा तरी म्हणाल्या असतील.

दहांपैकी सहा जणींनी नावे दिली. मग बेत सुरू झाला आणि बेताची मजा प्रवासाहून काही कमी नसते हे मला या वयात कळले.

पैशाचा प्रश्न सगळ्यांत आधी मिटला. दरमहा पाचशे, भिशीव्यतिरिक्त, जानेवारी ते नोव्हेंबर अकरा महिने. माणशी साडेपाच हजार, सहा जणींचे तेहेतीस हजार. दोघींच्या नावावर आवर्ती खाते काढले, पासबुक माझ्याकडे, पण हिशेबाची वही काकूंकडे, कारण त्या पैशाला मुंगीसारख्या चिकट आहेत. काकू आपला हप्ता लाडकी बहीणच्या पैशांतून भरतात आणि ते उघड सांगतात. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च भीतीएवढा झाला नाही. रेल्वेत अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना निम्मी सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. लोणारला रेल्वे नाहीच म्हणा, जालना गाठावे लागते, तेव्हा रागावून उपयोग नाही. दिवसाच्या एसटीने जायचे ठरले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सला वहिनींच्या कमरेने नकार दिला.

खरा वाद झाला तो मुक्कामावरून. सहांपैकी तिघींची लेकरे पुण्यात किंवा चाकणला. "लॉजवर कशाला पैसे घालता? माझ्या पोरीचा टू बीएचके आहे," असे अंगणवाडीवाल्या ताई म्हणाल्या. मी विरोध केला, वहिनींनी माझ्याहून जोरात केला. लेकीच्या घरी उतरलो की काय होते ते आम्हा दोघींना पक्के ठाऊक आहे. सकाळी लेक ऑफिसला निघते, जाताना म्हणते, "आई, कुकर लावशील ना?" आई कुकर लावते. मग दळण, मग नातवाला बसस्टॉपवर घेणे, मग जावईबापू येणार म्हणून भजी. संध्याकाळी गाणे सुरू होते तेव्हा आई मुकुंदनगरात नसते, कोथरूडात पुरणाची डाळ चाळत असते. लेकीचा यात दोष नाही. आई घरात आली की घर आपोआप तिच्या हातात जाते आणि तिलाही ते आवडते, हीच तर मेख आहे. शेवटी नियम केला, चार रात्री लॉजवर, तीन खोल्या, कोणाच्याही नातेवाइकाकडे एकदाही जेवायला जायचे नाही. लेकरांना भेटायचे असेल तर त्यांनी मैदानावर यावे, तिकीट काढून.

तारखांचेही असेच. डिसेंबर म्हणजे काकूंच्या कापसाची वेचणी. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई, आणि वहिनींच्या पुतण्याची तारीख नेमकी त्या आठवड्यात निघण्याची चिन्हे. वहिनींनी जाऊबाईंना सांगितले, "तारीख काढताना माझे हे चार दिवस सोडा." लग्नाची तारीख बाईच्या गाण्यासाठी बदलायची, हे आमच्या पंचक्रोशीत प्रथमच घडत असेल. जाऊबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. मग एक दिवस दुकानात येऊन क्रोसिनची गोळी मागता मागता म्हणाल्या, "फेब्रुवारीत काढली." आणि गेल्या. गोळीचे पैसे वहिनींनी घेतले नाहीत.

घरी सांगण्याचे प्रसंग प्रत्येकीचे वेगळे. मुख्याध्यापिकाबाईंच्या यजमानांना वाटले, तेही येणार आहेत. नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटले आणि ते वाईट वाटणे खरे होते, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. ते पुढच्या वर्षी दोघे जाणार आहेत. अंगणवाडीवाल्या ताईंचा मुलगा म्हणाला, "आई, यूट्यूबवर सगळं आहे. मी टीव्हीला जोडून देतो, सोफ्यावर बसून ऐक." आजची मुले हे प्रेमानेच म्हणतात. ताईंनी त्याला उत्तर दिले, "तू मॅच टीव्हीवर बघत असतो, तरी नागपूरला कशाला गेला होता?" माझा मुलगा, तोच वाढलेल्या दिवसाची चौकशी करणारा, त्याने गाडी आणि ड्रायव्हर पाठवतो म्हणून आग्रह धरला. गाडी पाठवली की ड्रायव्हर जेवला का, थांबला का, त्याला लांब पडते का, हे सगळे आपल्याच डोक्याला. मी त्याला १९९४ ची गोष्ट सांगितली. तो फोनवर थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे बॅलन्स शीट नव्हतंच?"

काकूंना कोणाची परवानगी घ्यायची नव्हती. मालक जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांनी फक्त वेचणीच्या बायकांना सांगितले, "मी चार दिस गाणं ऐकाले चालली पुन्याले." त्यातल्या एकीने विचारले, "कोनाचं लगन हाय?" काकू म्हणाल्या, "कोनाचंच नाई." हे काकूंनी आम्हाला सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

राहता राहिल्या माई. सहांच्या यादीत पाच नावे शाईने आहेत, माईंचे पेन्सिलीने. त्यांच्या यजमानांना चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अस्पष्ट झाले. भजनी मंडळात माई गात आणि ते मृदंग वाजवीत, असे ते जोडपे होते. आता त्यांचे जेवण, औषधे, कूस बदलणे सगळे माईंकडे. लेक मेहकरला दिलेली, ती चार दिवस येऊन राहायला तयार आहे, पण तिच्याही घरी सासू आहे, शाळेत जाणारी दोन मुले आहेत. त्यांच्या घरून होकार आला, मग नकार आला, मग "बघू" आले. माईंनी स्वतः एकदाही "मला जायचं आहे" असे म्हटलेले नाही. मात्र दर महिन्याला पाचशेची नोट पहिली त्यांची येते, एक तारखेला, पाचची वाट न पाहता. एकदा मी म्हणाले, "माई, नाही जमलं तर पैसे परत मिळतील, काळजी नको." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आम्ही गेलो तर आमचा आनंद माईंवाचून अर्धा होईल असे वहिनी म्हणाल्या, ते मला पटत नाही. आम्ही जाऊ आणि आनंदही होईल. माई मागे राहिल्या तर त्या आनंदाला एक बोच राहील एवढेच, आणि ती राहावीही. अशा घरांत चार दिवसांचा माणूस कुठून आणायचा, याचे उत्तर कोणत्याही भिशीत निघत नाही. शहरांत पैसे देऊन माणूस मिळतो म्हणतात. लोणारात अजून लेकच मिळते, आणि लेकीला तिचे घर असते.

गेल्या आठवड्यात माई धारेवर भेटल्या. गोमुखाच्या पाण्याने हातपाय धुऊन पायरीवर बसल्या होत्या. लेकीच्या सासूबाईंचा निरोप आला होता, तारखा लिहून पाठवा. मी पिशवीतून कागद काढला, चारही तारखा, जाण्याची एसटी, येण्याची एसटी, लॉजचा फोन, सगळे लिहून दिले. माईंनी कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मग विचारले, "नऊ वाजता यायची गोळी राह्यते. मी फोनवर सांगतलं त लेकीच्या हातून घेतात, नाई त थुंकून देतात. गानं चालू असताना मधातून उठून फोन केला त चालते का वं?"

एक गायक उठून दुसरा बसेपर्यंत तानपुरे जुळवायला वेळ लागतो, तेवढ्यात होईल, असे मी त्यांना सांगितले.